सतरा नंबरचं कार्ड

सकाळी ६:१५

देवपुरातल्या घरी चहा उकळत असतो तेव्हा मी मोबाईलचं चार्जिंग बघते. आज गणिताच्या तासाला अख्ख्या वर्गाची उत्तरं हा मोबाईल वाचणार आहे, तो मधेच बंद पडून चालणार नाही. पॉवर बँक डब्याच्या पिशवीत टाकली. रात्री तयार केलेले तीन प्रश्न पुन्हा वाचले आणि दुसऱ्यातला एक पर्याय काढून टाकला. तो इतका उघड चुकीचा होता की कुणीच निवडला नसता, आणि कुणीच निवडणार नाही असा पर्याय मला काही सांगत नाही.

नोव्हेंबर चालू आहे. धुळ्याची थंडी सकाळी बोचते. स्कूटीवर हातमोजे लागतात.

९:२०

पांझरा नदीचा पूल ओलांडून शाळेच्या गावाचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलाय आणि वावरात बायकांच्या रांगा वाकलेल्या. त्या रांगांत छोटी डोकी दिसली की मी वेग कमी करते. आज दोन ओळखीची दिसली. चौथीतला एक आणि त्याची पाचवीतली बहीण. हात केला, त्यांनीही केला. वेचणीच्या दिवसांत हजेरी अशी रस्त्यावरच सुरू होते. आईबापाला रागवण्यात अर्थ नसतो, कारण वेचायला माणूस मिळत नाही आणि फुटलेला कापूस थांबत नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन उद्याचं विचारायचं, एवढंच मी ठरवलंय.

१०:००

शाळा साडेदहाची. मी अर्धा तास आधी येते ते डिजिटल फळा पुसायला. कोरडं, मऊ फडकं घ्यायचं आणि फळ्याच्या चौकटीच्या चारही कडा आतून पुसायच्या. या चौकटीच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारे किरण सोडणारे छोटे दिवे असतात, समोरच्या बाजूला ते पकडणारे संवेदक. आडव्या-उभ्या किरणांचं जाळं फळ्यावर पसरलेलं असतं. बोट लावलं की तिथले किरण अडतात आणि बोट कुठे आहे ते संगणकाला कळतं. म्हणजे फळा बोट ओळखत नाही, अडथळा ओळखतो. कडेला धूळ साचली, कोळ्याने जाळं विणलं, पाल बसली, तरी त्याला कुणीतरी स्पर्श करतंय असंच वाटतं. पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं. पानं आपोआप उलटायची आणि मुलं म्हणायची, मॅडम, फळ्यात कोणीतरी शे. मी दोन आठवडे संगणकाला दोष देत होते. आता पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आहे, कारण तिरपं ऊनही या किरणांत गोंधळ घालतं. कडा पुसून झाल्या की चार कोपऱ्यांतल्या खुणांवर टिचकी मारून फळा जुळवून घ्यायचा. प्रोजेक्टर रात्रीतून जरासा हलला असेल तर बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटते.

ही खोली गावाने उभी केली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं आणि राज्यभर शाळा डिजिटल करायचं वारं आलं. धुळ्यात त्या वाऱ्याला एक माणूस मिळाला. हर्षल विभांडिक मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये बँकिंग क्षेत्रात नोकरीला. ते इकडे येऊन गावोगावी प्रेरणा सभा घ्यायचे. साधारण सत्तर टक्के रक्कम गावाने आणि शिक्षकांनी उभी करायची, उरलेले तीस टक्के ते घालणार, असा त्यांचा हिशेब. काही वर्षांत जिल्ह्यातल्या सगळ्या, म्हणजे १,१०३ जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाल्या. हा आकडा वाचताना मला आमच्या गावातल्या एका आजी आठवतात. त्यांनी कापसाच्या पैशातून पाचशे रुपये काढून मुख्याध्यापकांच्या हातात ठेवले. त्यांचं नातवंड शाळेत नव्हतंच. गावाचा पैसा लागला म्हणून गावाची नजर या खोलीवर आहे. खिडकीची काच फुटली तर संध्याकाळच्या आत मला तीन फोन येतात. नुसता सरकारी टेम्पो येऊन खोकी उतरवून गेला असता तर हे झालं नसतं, असं मला ठाम वाटतं.

एक गोष्ट मुख्याध्यापक सरांनी तेव्हा अडून केली. नवा फळा जुन्या काळ्या फळ्यावर ठोकायचा नाही, बाजूच्या भिंतीवर लावायचा. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेचं नाव ते अजून काढतात. तेव्हा देशभर निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक फळा प्रत्येक शाळेला मिळावा म्हणून धडपड चालली होती. “एक फळा मिळवायला एवढं करावं लागलं, तो झाकायचा कशाला?” असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते आज बाराच्या पुढे पुन्हा कळलं.

१०:३०

परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार. सत्तावीसपैकी चोवीस हजर.

११:००

माझ्याकडे चौथी-पाचवीचा जोडवर्ग आहे. पहिला तास भाषेचा.

फळ्यावर दोन रांगा. डावीकडे आंडोर, आंडेर, आठे, तठे, जोयजे. उजवीकडे मुलगा, मुलगी, इथे, तिथे, पाहिजे, पण उलटसुलट. एकेकाने यायचं, बोटाने शब्द ओढून जोडीला नेऊन ठेवायचा. डावीकडची भाषा मुलांची, उजवीकडची पुस्तकाची. घरात, ओट्यावर, वावरात ही मुलं अहिराणी बोलतात. पहिलीत आल्यावर त्यांना जे पुस्तक मिळतं त्यातली मराठी त्यांना अर्धी परकी असते. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांच्या घरी पावरी किंवा भिली बोलली जाते त्या मुलांना तर ती आणखी लांबची. माझ्या मुलांच्या गप्प बसण्याचं मोठं कारण हे आहे. उत्तर येत असतं, पण ते सांगायचे शब्द वर्गात चालतील की नाही याची खात्री नसते.

म्हणून त्यांचे शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत, प्रकाशात, पुस्तकातल्या शब्दांच्या बरोबरीने उजळलेले दिसावेत असं मला वाटतं. खडूनेही लिहिता येतात, मी लिहिलेही आहेत. पण स्वतःच्या बोटाने ‘जोयजे’ उचलून ‘पाहिजे’च्या शेजारी ठेवताना मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी खडूच्या वेळी पाहिलं नव्हतं.

१२:०५

आता गणित. अपूर्णांक.

आधी कार्डं वाटली. प्लिकर्स म्हणतात ती ही कार्डं. कागदावर छापलेली काळी-पांढरी चौकोनी नक्षी, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. प्रत्येकाची नक्षी वेगळी, प्रत्येकाला नंबर, आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. मी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि दहा-पंधरा सेकंदांत कोणाचं काय उत्तर ते टिपलं जातं. मुलांच्या हातात कुठलंही यंत्र नाही. शहरांतल्या काही शाळांत प्रत्येक मुलाला बटणांचा छोटा रिमोट देतात, त्याला क्लिकर म्हणतात. ते आमच्या खर्चाबाहेरचं आहे आणि मला त्याची उणीवही भासत नाही. कार्डांचं दुखणं एकच निघालं. ती टिकावीत म्हणून मी हौसेने चकचकीत लॅमिनेशन करून आणलं, तर उजेड परतून कॅमेऱ्याला नक्षीच दिसेना. सगळी पुन्हा छापली. आणि मुलांना बोटं कडेला धरायला शिकवावं लागलं.

प्रश्न फळ्यावर आला. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांत मोठा कोणता? ए – १/३. बी – १/४. सी – दोन्ही सारखे. डी – सांगता येत नाही.

पूर्वी मी असा प्रश्न विचारून हात वर करायला सांगायची. काय व्हायचं ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. सगळे पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बघायचे, तिचा हात गेला की मागोमाग वीस हात. मला वाटायचं, आलं सगळ्यांना. मग चाचणीत कळायचं की आलेलं नव्हतं. पण तोवर महिना उलटलेला असायचा.

कार्डं वर झाली, मी मोबाईल फिरवला. नऊ जणांनी ए, तेरा जणांनी बी, दोघांनी सी. म्हणजे निम्म्याहून अधिक वर्गाला १/४ मोठा वाटतो, कारण तीनापेक्षा चार मोठा. पहिल्या बाकावरची हुशार मुलगीही त्या तेरांत होती. आणि नऊ बरोबरांत सतरा नंबरचं कार्ड होतं.

सतरा नंबर मागच्या भिंतीला टेकून बसते. दिवाळीआधी तिने वर्गात आपणहून उच्चारलेलं एकही वाक्य मला आठवत नाही. वही व्यवस्थित, हजेरी पूर्ण, आवाज नाही. वर्गाच्या गलक्यात अशी मुलं शिक्षकाच्या नजरेतून सुटतात. ती खोड्या काढत नाहीत, म्हणून सुटतात. माझ्याही नजरेतून ती सुटली होती. मोबाईलच्या पडद्यावर तिच्या नंबरापुढे आठवडाभर रोज हिरवं येत होतं, तेव्हा मी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

इथे दोन गोष्टी मी कटाक्षाने पाळते. कोणत्या मुलाने काय निवडलं ते मोठ्या फळ्यावर दाखवायची सोय यात आहे. ती मी कधीच वापरत नाही. चुकलेल्या मुलाचं नाव लाल रंगात भिंतीएवढं दिसलं तर उद्या ते मूल कार्ड शेजाऱ्याचं बघून धरेल, किंवा धरणारच नाही. ज्या धाकातून त्याला बाहेर काढायचं तोच धाक आपण वीज लावून मोठा करायचा, हे मला पटत नाही. दुसरी गोष्ट, पहिल्या फेरीचा आलेख मी लगेच दाखवत नाही. तेरांचा उंच खांब दिसला की नऊ जण पळत तिकडे जातील.

त्याऐवजी म्हटलं, आता शेजाऱ्याला पटवा. दोन मिनिटं. बोली कुठलीही चालेल.

हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. आपली उत्तम व्याख्यानं ऐकूनही विद्यार्थ्यांच्या मूळ कल्पना कच्च्याच राहतात, हे लक्षात आल्यावर १९९१ च्या सुमारास त्यांनी ही रीत सुरू केली. प्रश्न द्यायचा, एकट्याने उत्तर निवडू द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा उत्तर घ्यायचं. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हा या वादाचा सर्वांत जास्त उपयोग होतो, असं त्यांचं सांगणं. तीसच्या खाली असतील तर शिक्षकानेच पुन्हा शिकवावं. आमचे चोवीसात नऊ. वाद व्हायला हवा तेवढेच.

आणि वर्ग पेटला. “चार मोठा ना रे!” “आकडा नको दखू, वाटा दख!” अशा आरोळ्या. मी बाकांमधून फिरत होते, काही न बोलता. ते न बोलणं मला अजून अवघड जातं. सतरा नंबरपाशी पोहोचले तेव्हा ती शेजारणीला तळहात दाखवून, हळू आवाजात सांगत होती, “एक भाकर चार जनस्ले दिधी ते तुकडा धाकलाच व्हई ना.”

तेवढ्यात पंखा थांबला आणि फळा काळा झाला. “लाईट गयी मॅडम!” हे चोवीस जणांनी एका सुरात सांगितलं. आधी प्रोजेक्टरची चिंता वाटली. दिव्याचा प्रोजेक्टर आतून तापलेला असतो आणि बंद केल्यावरही त्याचा पंखा थोडा वेळ फिरावा लागतो. वीज अशी झटकन गेली की दिवा गार न होता तसाच राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं. आमचा इन्व्हर्टर मागच्या उन्हाळ्यापासून धड चालत नाही.

पण कार्डांना वीज लागत नाही. मोबाईलला चार्जिंग होतं, नेट त्याचंच होतं. खिडक्या उघडल्या, पुन्हा कार्डं वर, पुन्हा मोबाईल फिरवला. आता ए – एकोणीस, बी – चार, सी – एक. मी जुन्या काळ्या फळ्याकडे गेले आणि दोन्ही फेऱ्यांचे आकडे खडूने शेजारी शेजारी लिहिले. नाव कुणाचंच नाही. मुलं आकड्यांकडे बघत राहिली. आपणच हलवलेले आकडे होते ते.

मग विचारलं, भाकरीचं कोण काढून दाखवेल? थांबले. शिक्षकाला पाच सेकंदांची शांतता फार लांब वाटते, म्हणून मनात दहा मोजले. सतरा नंबर उठली. खडूने दोन गोल काढले. एकाचे तीन वाटे, एकाचे चार. तीन वाटे करताना तिची रेघ चुकली, तिने हाताने पुसून पुन्हा काढली. काही बोलली नाही. प्रत्येकातला एक वाटा रंगवला, खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

मला बोलायला शब्द मिळेनात. “बरोबर काढलंस गं,” एवढंच म्हणता आलं.

१:३०

खिचडी. मावशींनी आज मटकी घातलीय. मुलं हात धुवायला रांगेत. मी ताट घेऊन ओट्यावर बसून हजेरी आणि पोषण आहाराचा आकडा मोबाईलवर भरते. नेट येतं-जातं, आकडा तीनदा भरावा लागतो.

२:१५

पहिली-दुसरीची मुलं या खोलीत येतात. वीज परतलीय. फळा मोठ्यांच्या उंचीचा, म्हणून खाली एक लाकडी चौरंग ठेवलाय. पहिलीतला एक जण चौरंगावर चढतो आणि बोटाऐवजी पूर्ण पंजा टेकवतो. फळ्यावर पाच रेघा उमटतात आणि तो मागे वळून सगळ्यांकडे बघतो.

त्यांच्या बाईंनी बडबडगीताचा व्हिडिओ मागितला, तो लावला. पण एकच, मग बंद. यावर आमच्या दोघींचं एकमत आहे. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर बालचित्रवाणी लागायची. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेली ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. कारण त्यातले किती कार्यक्रम प्रेमाने केलेले होते! पण त्या पेटीला आमचं काही ऐकू येत नव्हतं. आम्हाला कळलं की नाही, हे तिला कधीच समजलं नाही. आजही डिजिटल वर्ग म्हणून व्हिडिओ लावून देणं आणि मुलांनी हाताची घडी घालून बघणं, एवढंच होत असेल तर आपण तिथेच आहोत, फक्त पडदा मोठा झालाय.

३:२०

परिसर अभ्यास. उपग्रहाच्या नकाशावर आमचं गाव उघडलं. शाळेचं छप्पर दिसलं तेव्हा ओरडा झाला. मग एकाने बोटाने पांझरा पकडली आणि आम्ही नदीबरोबर निघालो. आधी उलटं, पिंपळनेरच्या पलीकडे साक्री तालुक्यातल्या डोंगरांत, जिथे ती बारीक होत जाते. मग परत खाली, धुळे शहरातून. दक्षिणेला लळिंगचा डोंगर दिसला. धुळ्याच्या पुढे पूर्वेकडे चाललेली नदी एकदम उत्तरेला वळते. तिथे पाचवीतल्या मुलाने नकाशा थांबवला आणि विचारलं, ती का वळली?

उत्तर मी दिलं नाही. उताराचा नकाशा उघडला, रंगांवरून उंच-सखल ओळखायला लावलं, आणि तापी कुठे आहे ते शोधा म्हटलं. शेवटी मुडावदला कपिलेश्वराच्या देवळापाशी पांझरा तापीला मिळते तिथे सगळे पोहोचले. तीन मुलं तिथल्या यात्रेला जाऊन आली होती. रोज जिच्यात म्हशी धुतात ती नदी या देवळापर्यंत जाते, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. फळ्याचा असा उपयोग दुसऱ्या कशाने झाला नसता.

४:४०

घंटेआधी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आप्पा आले. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं विचारायला मीच बोलावलं होतं.

“कितला खर्च शे मॅडम?”

मी दुकानातून आणलेला अंदाज दाखवला. प्रोजेक्टरच्या दिव्याचाही. ज्यांच्याकडून फळा घेतला त्यांचा माणूस पाच महिने येतो-येतो म्हणतोय, हेही सांगितलं. आप्पा गप्प बसले. वर्गणी एकदा गोळा होते. ढोल वाजतो, फीत कापली जाते. दुरुस्ती मात्र दरवर्षी असते आणि तिला ढोल नसतो. शाळेच्या अनुदानातून खडू, सतरंज्या, वीजबिल आणि रंग हे सगळं भागवताना फळ्याच्या वाट्याला फार थोडं येतं. माझं म्हणणं साधं आहे. फळा देतानाच पुढच्या दहा वर्षांची दुरुस्ती त्याच हिशेबात धरली पाहिजे. नाहीतर या खोल्या एकेक करून अंधाऱ्या होतील आणि दोष गावाला किंवा मास्तरांना लागेल.

“कापूस विकाई जाऊ द्या,” आप्पा म्हणाले. “मंग बसूत.”

प्रोजेक्टर बंद केला. पंखा थांबेपर्यंत उभी राहिले, मगच बटण बंद केलं.

५:२५

सकाळी वावरात दिसलेल्या भावंडांच्या घरी गेले. आई कापसाच्या गाठोड्याला टेकली होती. तिसरं गैरहजर मूल शेजारच्याच घरातलं निघालं, त्याला ताप होता. भावंडांचं आई म्हणाली, परवापासून पाठवते. पोरीने हळूच विचारलं, आज कार्डं होती का? होती म्हटलं. तुझं कार्ड कपाटात ठेवलंय.

रात्री ९:३०

घरातलं आवरून मोबाईल उघडला. आजची उत्तरं त्यात आहेत, पहिली फेरी आणि दुसरी. एकोणीस बरोबर, हे बघून झोपता येईल. पण माझी नजर चार नंबरवर थांबते. त्याने आधी ए धरलं होतं, चर्चेनंतर बी धरलं. बरोबरावरून चुकीवर गेला. शेजारी कोण होतं ते आठवलं. मोठ्या आवाजाचा, गावच्या मॅचमधला कप्तान. वाद घालायला सांगितला की मोठा आवाज जिंकण्याची भीती असतेच. त्यावर उद्या जागा बदलून बघायचं.

आता उद्याचा प्रश्न. चुकीचे पर्याय लिहिणं हे यातलं सर्वांत अवघड काम आहे. मी ते मनाने रचत नाही, मुलांच्या वह्यांतून उचलते. हातातला फोन बघून मला एक शिक्षक आठवतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याच्या कामासाठी ओळखले जातात. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. त्यांचा कोड आणि माझी कार्डं यांत मला एक नातं दिसतं. दोन्हीकडे मुलाच्या हातात कागदच असतो, वाचायचं काम फोन करतो. अंतर एवढंच की तिकडे कागद मुलाला धडा दाखवतो, इकडे तो मुलाचं मन मला दाखवतो.

वहीत एकाने २/६ आणि १/३ यांत २/६ मोठा लिहिलाय, दोन्ही आकडे मोठे म्हणून. हाच बी पर्याय. सी – दोन्ही सारखे. टाइप केलं. प्रश्नाच्या वर एक भाकर काढली, सहा वाटे केले.

मग जागांचा कागद घेतला. चार नंबर उचलून मागच्या भिंतीपाशी, सतरा नंबरच्या शेजारी लिहिला.